वॉशिंग्टनमधील मूलनिवासी माजी सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक : भेटीविषयी अभिप्राय

अमेरिकेच्या संसद भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाच्या नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन या संग्रहालयाच्या आवारात, अमेरिकेच्या मूलनिवासी म्हणजे अमेरिकन इंडियन जमातींतील सैनिकांचे हे स्मारक आहे. संसदेने त्याला १९९४ मध्ये मंजुरी दिली, पण ते प्रत्यक्ष खुले झाले ११ नोव्हेंबर २०२० रोजी, आणि महासाथीमुळे लोकार्पणाचा सोहळा आणखी दोन वर्षांनी झाला. ज्यांच्यासाठी ते उभारायचे होते, त्यांतील कितीतरी वृद्ध सैनिक एवढ्या काळात निघून गेले असतील, याची खंत वाटते.

रचनाकार हार्वी प्रॅट हे शायेन आणि अरापाहो जमातींचे असून व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या मरीन दलातून लढलेले आहेत, आणि त्यांचा हा अनुभव रचनेत जाणवतो. कोरीव दगडी ढोलावर स्टेनलेस स्टीलचे मोठे वर्तुळ उभे केले आहे, ढोलावरून पाणी वाहते आणि भोवती बसण्यासाठी बाके आहेत. बंदूकधारी पुतळा कुठेही नाही, ही मला या स्मारकाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. कडेला चार उंच भाले असून त्यांवर ब्राँझची पिसे आहेत; येणाऱ्याने आपल्या माणसाची आठवण करून, प्रार्थना म्हणून, तेथे कापडाची पट्टी बांधावी अशी योजना आहे. त्या रंगीबेरंगी गाठी पाहिल्या की ही जागा केवळ पर्यटकांसाठी नाही, हे लगेच ध्यानात येते.

उणीव सांगायची तर, येथे याच शहरातील व्हिएतनाम युद्ध स्मारकासारखी नावांची भिंत नाही आणि वर्तुळापाशी उभे राहून मागचा इतिहास आपोआप उलगडत नाही. तो ठाऊक असल्याशिवाय ही भेट अपुरी राहते. पहिल्या महायुद्धात सुमारे १२,००० मूलनिवासी अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांतील अनेकांना तेव्हा त्या देशाचे नागरिकत्वही नव्हते. सरसकट नागरिकत्वाचा कायदा १९२४ मध्ये झाला आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांत तर मतदानाचा अडसर १९४८ पर्यंत कायम होता, म्हणजे दुसरे महायुद्ध लढून परतलेल्या सैनिकालाही गावी मत देता येत नव्हते. सरकारी निवासी शाळांमध्ये ज्या भाषा बोलल्याबद्दल मूलनिवासी मुलांना शिक्षा होत असे, त्याच भाषांनी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये चोक्टॉ आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये नॅव्हाहो जमातीच्या सैनिकांच्या तोंडून गुप्त संदेश पोहोचवले. नॅव्हाहो संकेतभाषेची गुप्तता १९६८ मध्ये उठली, आणि ती घडवणाऱ्या पहिल्या २९ जणांना संसदेचे सुवर्णपदक मिळायला २००१ साल उजाडले, तोवर त्यांतील मोजकेच हयात होते.

भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांना आपली मराठी कुटुंबे शेजारच्या विमान व अवकाश संग्रहालयात आवर्जून नेतात. त्यांनी येथेही अवश्य थांबावे, कारण घरात कोणी फौजेत असेल तर या जागेचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आधी संग्रहालय पाहून मग वर्तुळाकडे जाणे अधिक बरे. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, स्मारक रात्रीही खुले असते, आणि लांफाँ प्लाझा हे मेट्रो स्थानक सोयीचे पडते.