एसीची देखभाल : कंपनीचा वार्षिक करार की गल्लीतला मिस्त्री?

शेजारच्या वहिनींनी परवा जिन्यात विचारलं, "भाऊजी, ती एएमसी घ्यावी का हो? कंपनीवाला रोज फोन करायलाय." एएमसी म्हणजे एसीच्या देखभालीचा वार्षिक करार. हातात दळणाचा डबा होता, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पूर्ण करतो, कारण दोन उन्हाळ्यांत दोन्ही प्रकार माझ्या खिशातून होऊन गेलेत.

घर परभणीतलं, खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर उघडा स्लॅब. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आर-३२ गॅसचा. पहिल्या वर्षी कंपनीचा करार घेतला, २,६०० रुपयांचा. वर्षाला तीन सर्व्हिस आणि बिघाड झाला तर "अमर्याद मोफत फेऱ्या". मी 'मोफत' वाचलं, 'फेऱ्या' वाचायचं राहिलं. या करारांचे दोन प्रकार असतात. एकात सुटे भाग आणि गॅस धरलेला असतो, दुसऱ्यात फक्त माणसाचं येणं-जाणं आणि मजुरी. माझा दुसरा होता.

एप्रिलच्या शेवटी थंडावा कमी झाला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. चौथ्या दिवसापर्यंत कुणी फिरकलं नाही, पण मोबाइलवर निरोप आला की तुमची तक्रार सोडवली आहे. पुन्हा फोन, पुन्हा ते संगीत, पुन्हा नवा नंबर. सहाव्या दिवशी नांदेडहून एक पोरगा आला. दारातच म्हणाला, "काका, मोबाइलवर आलेला कोड सांगा, म्हणजे काम सुरू करतो." मी सांगितला. तो कोड काम झाल्याची पावती असते आणि तो दिला की कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक खूश, हे मला नंतर कळलं. पोराने गॅसचा दाब मोजायचा मीटर लावला, "गॅस कमी आहे" म्हणाला, गॅस भरला आणि निघाला. २,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३०४. एकोणीस दिवसांनी खोली पुन्हा भट्टी. दुसरा पोरगा आला आणि तेच वाक्य बोलला : गॅस कमी आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दोन्ही पोरांनी नळीचा एकही जोड तपासला नाही. त्यांना बोल लावण्यात फार अर्थ नाही. "काका, दिवसाला इतक्या तक्रारी बंद करायच्या असतात," असं दुसऱ्यानेच चहा पिता पिता सांगितलं.

मग वसमत रोडवरचा मिस्त्री. छोटं दुकान, बाहेर जुन्या कूलरचे पत्रे रचलेले. गच्चीवर गेला आणि मीटर काढायच्या आधी बाहेरच्या युनिटच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. एका नटाजवळ तेलकट डाग होता. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, म्हणून गळतीच्या जागी बऱ्याचदा असा डाग दिसतो. साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले. त्याने तांब्याच्या नळीचं तोंड कापून नव्याने पसरवलं, नट आवळला, नायट्रोजनचा दाब भरून अर्धा तास ठेवला. मीटरचा काटा हलला नाही, म्हणजे गळती थांबली, तेव्हा व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घेतली. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, युनिटच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस सोडला. सगळे मिळून २,५०० रुपये. तो एसी पुढचा उन्हाळाही त्याच गॅसवर चालला.

म्हणजे मिस्त्रीच बरा? थांबा. याच मिस्त्रीने जुलैमध्ये मला रडवलं. व्होल्टेजच्या खेळात बाहेरच्या युनिटचं इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्हणजे पीसीबी, जळलं. त्याने दुरुस्त करून बसवलं, दोन महिन्यांत पुन्हा गेलं. शेवटी कंपनीकडूनच नवं मागवावं लागलं. बिल तो देत नाही, दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डामागे आकडा लिहून देतो. आणि मे महिन्यात "निघालोच मामा" याचा अर्थ परवा. शिवाय सगळेच मिस्त्री असे नसतात. व्हॅक्यूम न काढता थेट गॅस सोडणारेही गावात आहेत. आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे अशा माणसाला हात लावू न दिलेला बरा.

वॉरंटीचं म्हणाल, तर "दहा वर्षं" हे शब्द बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरपुरते असतात. गॅस, मजुरी, कार्ड यांचं वेगळं वाचायचं. तरी मुख्य वॉरंटी चालू असेपर्यंत बाहेरच्या माणसाने मशीन उघडू नये, कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं.

आणखी एक. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे मेच्या दुपारी ४३ असतं आणि तापलेल्या गच्चीवर युनिटभोवती त्याहून जास्त. दुपारी चारला खोली २४ वर येत नसेल तर आधी जाळी धुवा, युनिटवर सावली करा, पण वारा अडवू नका. रात्री दहानंतर नीट गार होत असेल, तर गॅस कमी असल्याच्या गोष्टीवर लगेच पैसे काढू नका.

कूलरवाले म्हणतील, ही कटकटच कशाला. खरंय, कोरड्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलर झकास चालतो आणि दुरुस्ती म्हणजे मोटर, पंप, गवत, संपलं. पण नळाला आठवड्याने पाणी येत असताना रोज टाकीभर पाणी त्यात ओतायचं आणि बोअरचं खारं पाणी घातलं तर गवत चुन्यासारखं कडक होतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो.

वहिनींचा एसी दीड वर्षाचा, गावात कंपनीचा माणूस राहत नाही. त्यांनी फक्त मजुरीवाला करार घेऊ नये. सुट्या भागांसह आणि गॅससह असेल, कार्ड त्यात आहे असं लेखी मिळत असेल, तरच विचार करावा. नाहीतर फेब्रुवारीत मिस्त्रीकडून ५००-६०० रुपयांत धुऊन घ्यावा आणि स्टॅबिलायझरवर खर्च करावा. मिस्त्री निवडताना फोनवर एवढंच विचारायचं : नायट्रोजन आणि वजनकाटा आहे का? "त्याची काय गरज ताई" म्हणाला की फोन ठेवायचा.

माझे ३,३०४ रुपये? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली. दोन्ही भेटींच्या पावत्या आणि "तक्रार सोडवली" या निरोपाचा फोटो जोडला. महिन्याभराने कंपनीने गॅसचे पैसे परत केले, कराराचे नाही. कोड मात्र आता मी एसीसमोर अर्धा तास बसून, खोली गार झाल्यावरच सांगतो. पोरगा तोवर चहा पितो.