सांगलीच्या काळ्या मातीत हाताने ढकलायचा लॉन मोवर: मृगापासून संक्रांतीपर्यंत वापरून

आमचं घर बुधगावच्या बाजूला. प्लॉट अकरा गुंठ्यांचा. घर, बोअर, आंबा-शेवग्याची झाडं आणि गाडी लावायची जागा सोडली तर गवताचं रान उरतं सहा गुंठे. एवढ्याला इंजिन नसलेला, हाताने ढकलायचा मोवर पुरतो का, हा प्रश्न फाटकाशी थांबणारा प्रत्येक जण विचारतो. पुरतो. पण गुंठे मोजून हा मोवर घेऊ नका. माती कसली आहे आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा सकाळचा वेळ निघतो का, हे आधी बघा. ही दोन उत्तरं ठीक असतील तर दहा गुंठ्यांनाही तो पुरेल. नसतील तर दोन गुंठ्यांतच कंटाळा येईल.

यंत्र अगदी साधं. दोन चाकं, मधे पीळ दिलेल्या पाच पात्यांचं रीळ आणि खाली एक आडवी स्थिर पाती. चाकं फिरली की आतल्या दातेरी चाकांमुळे रीळ त्यांच्या कित्येक पट वेगाने फिरतं, गवताची काडी फिरत्या आणि स्थिर पात्याच्या मधे सापडते आणि कातरीने कापावी तशी कापली जाते. मागे ढकलदांडा, उंची ठरवणारा रोलर आणि कापलेलं गवत जमा करायची कापडी पिशवी. पिशवी मी पहिल्या आठवड्यातच माळ्यावर टाकली, का ते पुढे येईल. रुंदी चौदा इंच, वजन एका हातात उचलण्याइतकं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीच्या बहुतेक यंत्रांचे गुण-दोष सारखेच आहेत.

ही काही नवी शक्कल नाही. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने पहिल्या लॉन मोवरचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरून सारखी करणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ती सुचली होती. जवळपास दोनशे वर्षं झाली, रीळ आणि स्थिर पाती तेच आहे.

आता ढकलण्याचा हिशेब. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. सहा गुंठ्यांचे सहाशे चौरस मीटर झाले. चौदा इंच म्हणजे ३५ सेंटिमीटर, पण प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चारपाच सेंटिमीटर चढवावाच लागतो, नाहीतर मधे शेंडी राहते. हातात उरले ३० सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण रान एकदा कापायला दोन किलोमीटर चाल. आडवं-उभं दोन्ही करायचं तर चार. एरवी सकाळी फिरायला जाणारे लोक एवढं चालतातच, फक्त त्यांच्या हातात काही नसतं. सोळा इंची घेतलात तर चाल कमी होते, पण प्रत्येक पावलाला जोर जास्त लागतो. माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि मला चौदाच बरा वाटतो. मी रानाचे दोन भाग केलेत. दर्शनी तीन गुंठे एका सकाळी, मागचे तीन दुसऱ्या सकाळी.

खरी परीक्षा मृगानंतर सुरू झाली. या यंत्राची सगळी ताकद चाकांतून येते आणि चाकाची पकड मातीतून. आमची काळी माती ओली झाली की चाकाच्या खाचा भरते, चाक गुळगुळीत होतं, मग ते फिरत नाही, घसरतं. चाक फिरलं नाही की रीळही थांबतं. तुम्ही जोर लावत राहता आणि यंत्र गवत आडवं पाडत पुढे सरकतं. धार कितीही चांगली असो, इथे तिचा उपयोग शून्य. वर चाकाचे चरे उमटतात आणि माती दबून घट्ट होते ते वेगळंच.

त्यामुळे कुळवाला जो नियम तोच याला: वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल ओसरून माती चिकटायची थांबल्याशिवाय, बाहेर काढायचं नाही. चप्पल घालून चार पावलं चालायचं. तळाला माती चिकटली तर मोवर परत शेडमधे. जोराचा पाऊस पडून गेला की काळ्या रानात वाफसा यायला चांगलं ऊन लागलं तरी दोन दिवस जातात. आषाढात झड लागली की ते ऊनच पडत नाही आणि गवत मात्र थांबत नाही. अशा वेळी मी मोवरचा नाद सोडून विळा घेतो, वरचा हात मारतो आणि ते गवत शेजारच्या म्हशीला जातं. नंतर उघडीप मिळाली की मोवर सगळ्यात वरच्या उंचीवर, पुढच्या वेळी एक खाच खाली. उभ्या गवताच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी कापायचं नाही. जास्त कापलं की खालचा पिवळा दांडा उघडा पडतो आणि मुळं कमजोर होतात. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की मात्र याच यंत्रासारखं दुसरं सुख नाही. माती मऊ पण चिकट नाही, हरळी (दुर्वांचंच गवत) रसरशीत, आणि पात्यांचा तो बारीक खसखस आवाज.

तुलनेसाठी सातारचं सांगतो. मेढ्याच्या बाजूला चुलतभावाची जागा आहे, तांबडी माती, उताराची. त्याने माझं बघून असलाच मोवर आणला. त्याच्याकडे पाऊस थांबल्यावर तासाभरात चाक पकड घेतं, हे मी स्वतः ढकलून पाहिलंय. पण तिकडचा पाऊस थांबतो कुठे! दोन उघडिपींच्या मधे गवत गुडघ्याला लागतं. शिवाय मुरमाचे खडे वर येतात, ते पात्यात सापडले की धारेला खाच पडते. तो आता फक्त अंगणापुरता वापरतो आणि उताराचं रान ब्रश कटरवाल्याकडून (खांद्याला अडकवायचं, फिरत्या दोरीने गवत कापणारं यंत्र) करून घेतो. तिकडच्या पावसात मीही तेच केलं असतं.

गवत कुठलं, यावरही बरंच अवलंबून आहे. आमच्याकडे मुख्य पीक हरळीचं, आणि हरळी या यंत्रासाठीच जन्मली आहे. जितकी वारंवार कापाल तितकी पसरते, दाट होते. फक्त तिचे तुऱ्याचे दांडे चिवट. रीळ जवळ आलं की ते झोपतात आणि यंत्र पुढे गेलं की पुन्हा उभे राहतात. त्यावर इलाज म्हणजे दर वेळी दिशा बदलायची. गेल्या वेळी पूर्व-पश्चिम तर या वेळी दक्षिण-उत्तर. लव्हाळा कापला जातो, पण त्याच्या गाठी जमिनीत असल्यामुळे दोन दिवसांत हरळीच्या वर डोकं काढतो. तो कापून मरत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कुंद्याच्या जाड दांड्याला रीळ अडतं, तो खुरप्यानेच काढायचा. गाजरगवताला मोवर लावू नका. खालून पुन्हा फुटतं आणि बुटकं असतानाच फुलतं. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. अंगाला लागलं तर खाज सुटते. थोडक्यात, मोवर आला म्हणून भांगलण सुटली असं होत नाही. कमी होते एवढंच.

काडीकचरा ही दुसरी डोकेदुखी. आंब्याचं वाळलेलं पान तो सहज चावतो, पण बोटाएवढी शेवग्याची काडी किंवा आंब्याची कोय आली की खट्कन थांबतो आणि दांडा पोटात बसतो. आधी खराटा फिरवायचा, मग मोवर. अडकलेली काडी काढताना रीळ हाताने फिरवू नका. चाक अडकलेलं नसेल तर तेही फिरतं आणि बोट सापडतं. इंजिन नाही म्हणून पाती मऊ होत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर यंत्र भिंतीला उलटं टेकवून ठेवू नका.

धार लावणं हा या यंत्राचा अर्धा अभ्यास आहे. विळ्यासारखी कानस मारून चालत नाही. फिरती आणि स्थिर पाती एकमेकांना पूर्ण लांबीत अगदी हलकी टेकायला हवीत. दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, ते पाव-पाव फेरा फिरवून जमवायचं. तपासायला वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरायची आणि रीळ सावकाश फिरवायचं. डावीकडे, मधे, उजवीकडे, तिन्ही जागी कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. फाटला तर सैल आहे. रीळ जड फिरलं, करकर आवाज आला तर जास्त आवळलंय. आवळून ठेवलेला मोवर ढकलायला दुप्पट दम लागतो, आणि बरेच जण तिथेच यंत्राला नावं ठेवतात. हंगामातून एकदा पात्यांना व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावायची, चाक उतरवून रीळ उलट दिशेने फिरवायचं, मग पेस्ट धुऊन स्क्रू पुन्हा जमवायचे. ही पेस्ट मोटारीच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळते. काम झालं की पाती कोरडी पुसून तेलाचं बोट फिरवायचं. ओला मोवर रात्रभर ठेवला तर सकाळी पाती तांबूस झालेली दिसतात.

बिघाड एकच झाला. उंची ठरवणाऱ्या रोलरचं ब्रॅकेट प्लॅस्टिकचं होतं, ते भाद्रपदात तडकलं. सुटा भाग मागवला तर विक्रेता पूर्ण सेट घ्या म्हणाला, तोही कधी येईल याचा पत्ता नाही. शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून पत्र्याचं करून घेतलं आणि ते आजतागायत टिकलंय. घेताना दुकानात हाच भाग आधी बघा. लोखंडी असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

इतर पर्यायांबद्दल फार लिहीत नाही. मित्राचा पेट्रोल मोवर ढकलून पाहिला. गवत मोठं झालेलं असेल तर तो याच्या कैक पट चांगला, पण त्याचं आडवं पातं वेगाने झोडपून कापतं, टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी रान वरून करपल्यासारखं दिसतं. ओल्या काळ्या मातीत त्याचंही वजन रुततंच, आणि पत्र्याखाली ओलं गवत थापून बसतं. विजेचा घेतला तर वायर सांभाळत फिरा. ब्रश कटर बांधाच्या गवताला उत्तम, पण त्याची नायलॉन दोरी झाडाच्या बुंध्याला लागली की साल सोलते. आमचा एक कोवळा आंबा सालीचं कडं निघाल्यामुळे वाळला, तेव्हापासून झाडांच्या आळ्याभोवती मी विळाच वापरतो.

पिशवीचं राहिलं. वारंवार कापलं की तुकडे इतके बारीक पडतात की ते हरळीत मुरतात आणि त्यातला नत्र मातीला परत मिळतो. मग गोळा कशाला करायचे? गवत ओलं असून त्याचे गठ्ठे पडले तरच दाताळ्याने ओढून नारळाच्या आळ्यात टाकतो.

आवाज नसण्याचे फायदे घेतल्यावरच कळतात. सकाळी साडेसहाला चालवलं तरी कुणाची झोपमोड होत नाही. शेजारचे पाटीलकाका पहिल्यांदा "रिकामाच फिरवताय काय?" म्हणून कुंपणावरून बघायला आले होते. बेडूक समोर आला तर थांबायला वेळ मिळतो. आणि गवत आखूड असलं की घोणस-बिणस असली तरी लांबून दिसते, आमच्या घरात मोवरला मंजुरी मिळाली ती खरं तर याच मुद्द्यावर. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नागपंचमीला घरात काही चिरणं-कापणं नाही आणि मोवरलाही सुट्टी. वाफसा नेमका त्या दिवशी आला होता, पण आईपुढे कोण बोलणार.

आईची दुसरी तक्रार जास्त खरी होती. गणपतीच्या आधी तिने अख्खं रान पालथं घातलं आणि म्हणाली, "सहा गुंठ्यांची हरळी, आणि एकवीस दुर्वांची जुडी जमंना!" इंचभर कापलेल्या हरळीला जुडीजोगत्या दुर्वा कुठून येणार? आता तुळशीजवळचा एक कोपरा मोवरच्या वाटेतून कायमचा वगळलाय.

हस्ताच्या पावसानंतर वाढ मंदावली. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा, मार्गशीर्षात थंडी पडल्यावर पंधरा दिवसांतून एकदा पुरलं. आता अडचण उलटी आहे. माती सुकून भेगा पडायला लागल्यात. चाक भेगेत गेलं की यंत्र एका बाजूला कलतं आणि स्थिर पाती भेगेच्या काठावर आपटून हरळी मुळापासून खरवडते. चाळलेली माती आणि शेणखत सारखं मिसळून भेगा भरतोय. उन्हाळ्यात मोवरची उंची वाढवूनच ठेवणार आहे, कारण आखूड गवताखालची माती लवकर तापते.

पैशाचं म्हणाल तर ब्रश कटरवाल्याची पावसाळ्यातली हजेरी वाचली त्यात यंत्राची निम्म्याहून जास्त किंमत निघाली. तीही तो वेळेवर आला असता असं धरून. पुढे ऊसतोड सुरू झाली की तर इकडे माणूस मिळणंच मुश्किल. ज्यांना महिन्यातून एकदाच कापायचंय, ज्यांची जागा खडकाळ आहे, किंवा ज्यांच्या रानात हरळीपेक्षा कुंदा जास्त आहे, त्यांनी हा घेऊ नये. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी आधी कुणाचा तरी ओल्या गवतात अर्धा गुंठा ढकलून बघावा. दुकानातल्या फरशीवर तो सगळ्यांनाच हलका वाटतो.