गॅरेजमधला स्प्लिट एसी: दीड हिवाळ्यानंतर

पुण्यात स्प्लिट एसी म्हटलं की त्यात सांगण्यासारखं काही नसतं. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच वस्तूला 'डक्टलेस मिनी-स्प्लिट' असं भारदस्त नाव आहे आणि ती भिंतीवर लागली की शेजारी बघायला येतात. अमेरिकेत बहुतेक घरांत हवा पत्र्याच्या डक्टमधून फिरते. आमचं वूस्टरजवळचं घर 1950च्या दशकातलं: तळघरात तेलावर चालणारा बॉयलर, खोल्यांच्या कडेने गरम पाण्याचे पाइप, डक्टचा पत्ता नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, अशी जुनी घरं भरपूर आहेत, त्यामुळे इथे एसी हवा असेल तर खिडकीतला डबा नाहीतर हा.

2024च्या ऑगस्टमध्ये घरात दोन बसवून घेतले, एक स्वयंपाकघर-दिवाणखान्यात आणि एक वर झोपायच्या खोलीत. ऑक्टोबरमध्ये मागच्या अंगणातल्या, घरापासून सुट्या उभ्या असलेल्या गॅरेजमध्ये तिसरा लावला. आता जानेवारी 2026 चालू आहे. तिन्ही यंत्रं उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देतात, म्हणजे खरं तर हीट पंपच: हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारी यंत्रापेक्षा बसवण्याबद्दल आणि माझ्या स्वतःच्या आळसाबद्दल जास्त आहेत.

गॅरेजपासून सुरू करतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मला सुतारकामाचा नाद. दरवर्षी गणपतीचं मखर प्लायवूडचं करतो, बाकी वेळ कपाटं, स्टूल, कोणाकोणाची पोळपाटं. पण इथे नोव्हेंबर ते मार्च गॅरेजमध्ये हात बधिर होतात, आणि हातांचं सोडा, गोंद चालत नाही. लाकडाचा पांढरा गोंद साधारण 10 अंशांच्या खाली नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा पांढरट पडतो आणि सांधा हाताने सुटतो. आधीचे तीन हिवाळे मी प्रोपेन गॅसचा छोटा हीटर वापरला. पाच मिनिटांत ऊब यायची, पण अर्ध्या तासाने खिडकीवरून पाण्याचे ओघळ, आणि रंध्याच्या पात्यावर दुसऱ्या दिवशी गंज. कारण साधं आहे: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं, आणि धुराडं नसलं तर ती सगळी वाफ खोलीतच राहते. थंडगार लोखंड दिसलं की तिथे बसते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची धास्ती. अलार्म लावला होता, तरी बायको दर वीस मिनिटांनी मागच्या दारातून हाक मारून मी जिवंत आहे का बघायची.

म्हणून हीट पंप. दुकानात गेलो तर विकणाऱ्याने तासाला 24,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक), म्हणजे दोन टनांचा सुचवला. रात्री बसून हिशेब केला. गॅरेज 24 बाय 24 फूट, भिंती आठ फुटी. बाहेर उणे 12 आणि आत 16 अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 50 अंशांचा फरक धरला. तेव्हा भिंतींना आतून काही नव्हतं, छप्पर म्हणजे नुसती फळी आणि वर शिंगल्सच्या पातळ चकत्या, शटर साध्या पत्र्याचं, खाली एवढी फट की खारी सरळ आत यायच्या. तासाला 40,000 बीटीयूच्या वर उष्णता बाहेर जात होती. त्यात सर्वांत मोठे दोन चोर छप्पर आणि फटी. दोन टनांचं यंत्रही तिथे पुरं पडलं नसतं.

मग आधी यंत्र न घेता इन्सुलेशन केलं. भिंतींत आर-13ची (आर-मूल्य जितकं मोठं, तितकी उष्णता जास्त अडते) फायबर ग्लासची गादी भरून वर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, छताखाली ड्रायवॉल ठोकून त्यावर आर-38 इतका सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुगा, शटरला फोमचे तक्ते, खाली नवा रबर, बाजूंना पट्ट्या. फोम उघडा ठेवायचा नाही एवढं लक्षात ठेवा. तो पेटला तर धूर जीव घेतो, त्यावर आगीला थोपवणारं आवरण लागतं. चार शनिवार-रविवार आणि सुमारे 1,900 डॉलर गेले. पुन्हा हिशेब मांडला तर आकडा 11 ते 12 हजारांवर आला. एका टनाचं यंत्र पुरलं. हा आकडा काही कोणी सांगितलेला नाही, क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक भागिले आर-मूल्य, शाळेतलं गणित. उरलेल्या उष्णतेतला तिसरा हिस्सा काँक्रीटच्या जमिनीच्या कडेने जातो, तिथे मी अजून हात घातलेला नाही.

यंत्र मी आधीच गॅस भरलेल्या पाइपांसह मिळणारं घेतलं. इथे गॅसच्या नळ्यांना हात घालायचा तर ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, परवाना लागतो, पण या जातीच्या संचात नुसते कपलिंग घट्ट करायचे असतात. वीज मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच, परवाना काढून. घरापासून गॅरेजपर्यंत साठ फूट चर, पीव्हीसी पाइप 18 इंच खोल, गॅरेजला वेगळा अर्थिंगचा रॉड. खणण्याआधी 811ला फोन करा, ते फुकटात येऊन गॅसच्या आणि केबलच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. आमच्या चराच्या बरोबर मध्ये पिवळी खूण निघाली. न विचारता खणलं असतं तर हा लेख दुसऱ्याच विषयावर असता.

आता चालतं कसं? चांगलं चालतं, पण दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं.

पहिली: घेताना सर्वांत कमी तापमान किती ठेवता येतं ते बघा. बहुतेक यंत्रं हीटिंगमध्ये 16 अंशांच्या खाली उतरत नाहीत. रिकाम्या गॅरेजला आठवडाभर 16 अंशांवर ठेवणं म्हणजे पैसे जाळणं. काहींमध्ये 8 अंशांचा, फॅरनहाइटमध्ये 46चा, गोठू न देण्याचा मोड असतो. माझ्यात आहे, त्यावरच घेतला. आठवडाभर 8, शनिवारी सकाळी चहा टाकताना मोबाइलवरून 16. तासाभरात हवा गरम होते, पण रंधा, करवतीचं टेबल, लोखंडी शिकंजे गरम व्हायला दुपार होते. आता शुक्रवारी रात्रीच वाढवतो.

या मोडची एक खोड कळली ती गेल्या फेब्रुवारीत. बर्फाच्या वादळात वीज गेली, सहा तासांनी आली, आणि यंत्र तो मोड विसरून बंदच राहिलं. मला चार दिवसांनी कळलं. भिंतीचा रंग दोन डबे गोठून दह्यासारखा फुटला, गोंदाची नवी बाटलीही गेली. आता वीज आल्याबरोबर आधी गॅरेज बघतो, नंतर घर.

दुसरी गोष्ट खर्चाची. हीट पंप विजेच्या दोन-तीनपट उष्णता देतो, हे खरं. पण बाहेर जितकी थंडी, तितका हा पट उतरतो. 8 अंशांना साडेतीन असला तर उणे 15ला दोनच्या आसपास. माझं यंत्र उणे 20ला सुद्धा गरम हवा फेकत होतं, नुसती कमी जोराने. गेल्या जानेवारीत गॅरेजला 430 युनिट लागले. आमच्याकडे युनिटला साधारण 30 सेंट पडतात, म्हणजे 130 डॉलर. साध्या इलेक्ट्रिक हीटरला याच्या अडीचपट तरी लागले असते. प्रोपेनला मात्र जवळपास एवढेच लागले असते. म्हणजे इथल्या वीजदरात पैसे वाचले असं मी म्हणणार नाही. ओल गेली, गंज थांबला, बायकोच्या हाका थांबल्या, आणि उन्हाळ्यात थंडावा फुकटात मिळाल्यासारखा. घरातही तोच अनुभव: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये हीट पंप, ऐन थंडीत तेलाचा बॉयलर. तेल कंपनीचा ट्रक यायचा बंद झाला नाही, कमी झाला.

थंडीत बाहेरच्या युनिटवर दव गोठून पांढरा थर बसतो. मग यंत्र काही मिनिटं उलटं फिरून तो वितळवतं. आतला पंखा थांबतो, बाहेर वाफेचा ढग उठतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा समोरच्या आजोबांनी 'तुमचं मशीन पेटलंय' म्हणून दार वाजवलं. काही पेटलेलं नसतं. पण ते वितळलेलं पाणी खाली पडून पुन्हा गोठतं, म्हणून युनिट जमिनीपासून उंच स्टँडवर हवं, बर्फाच्या थराच्या वर. गॅरेजचं मी दोन फुटांवर लावलं, आणि छपराच्या उताराखाली न लावता त्रिकोणी भिंतीच्या बाजूला. घरातल्याचं ज्या माणसाने काम केलं त्याने एक युनिट थेट पागोळ्यांखाली बसवलं. डिसेंबरमध्ये वरून ठिबकून पंख्यावर बर्फ जमला आणि एका पहाटे टर्रर्र असा आवाज घुमला की आम्ही दोघं ताडकन उठून बसलो. बंद केलं, कोमट पाणी ओतून बर्फ उतरवला. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, पातळ पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यामागची नळी एका ठोक्यात जाईल. आता त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर केलंय.

त्याच माणसाची दुसरी करामत म्हणजे वरच्या खोलीतल्या यंत्राच्या ड्रेन पाइपला उतारच नव्हता. जुलैत भिंतीवरून पाण्याची धार. बोलावलं तर 'पुढच्या आठवड्यात' असं तीन आठवडे ऐकलं. शेवटी बाहेरच्या टोकाला ओला-सुका व्हॅक्यूम लावून ओढलं, आतून तपकिरी शेवाळासारखा गोळा निघाला, आणि मग पाइप स्वतः नीट उतरता बसवला. आता दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा व्हॅक्यूम करायचं ठरवलंय.

आता साफसफाई. ज्यांच्या घरी फोडण्या होतात त्यांनी हा भाग नीट वाचावा.

जाळीचे फिल्टर मी दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुतो, सगळे धुतात. तरी दहाव्या महिन्यात स्वयंपाकघराजवळच्या यंत्रातून हवा कमी यायला लागली आणि सुरू केल्यावर कोंदट, खवट वास. झडप वर करून टॉर्च मारला. आतला लांब, पिंजऱ्यासारखा गोल ब्लोअर काळ्या लेपाने भरलेला. त्याची पाती हवा पकडतात ती त्यांच्या वाकामुळे, आणि तो वाकच लेपाने भरून सपाट झाला होता. वरच्या खोलीतल्या यंत्रात मात्र नुसती थोडी धूळ. फरक एकच: मोहरी, हिंग, तळणी. तेलाची वाफ जाळीतून आरपार जाते, ब्लोअरवर चिकटते, त्यावर धूळ, आणि कूलिंगमध्ये कॉइल ओली असते म्हणून त्यावर बुरशी.

त्या वेळी बाबा पुण्याहून आले होते. त्यांचं निदान तयारच होतं. "गॅस कमी झालाय. भरून घे."

"बाबा, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? सगळं बंद असतं आत."

"अरे, आपल्याकडे दर मार्चमध्ये येतो तो भरून जातो."

तोच तर वैताग आहे. गॅस वापरला जात नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता दरवर्षी भरणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक टिकवतोय. बाबांना हे पटलं नाही, पण शिडी त्यांनीच धरली.

यंत्राची वीज बाहेरच्या स्विचवरून तोडली. खाली घसरगुंडीसारखी प्लास्टिकची झोळी लावली, तिचं टोक बादलीत. उजवीकडच्या सर्किटवर पिशवी गुंडाळली. कॉइलवर आम्ल नसलेलं फेस क्लीनर, ब्लोअरवर तेच, दहा मिनिटं थांबून बागेच्या हातपंपाच्या फवाऱ्याने धुतलं. प्रेशर वॉशर लावू नका, पट्ट्या आडव्या पडतात. बादलीत आलं ते बिनदुधाच्या चहासारखं, आणि खरं सांगतो, त्याला हळदीचा वास होता. तीन बादल्या गेल्या, ब्लोअरच्या कडा ब्रशने वेगळ्या घासाव्या लागल्या. नंतर दोन तास नुसता पंखा चालवून वाळवलं. हवा पहिल्यासारखी. इथे हेच काम करायला कोणी बोलावलं तर एका युनिटला दोनशे-तीनशे डॉलर मागतात. झोळी, क्लीनर, फवारा मिळून माझे सत्तर गेले.

त्यानंतर दोन सवयी लावल्या. तळण करताना एक्झॉस्ट चालू आणि एसी बंद. आणि कूलिंग बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा, म्हणजे कॉइल सुकते.

गॅरेजच्या यंत्राला बुरशी नाही, कारण ते जास्त वेळ गरम हवाच देतं आणि कोरडं राहतं. तिथे शत्रू भुसा. जाड भुसा जाळीत अडकतो, पण पॉलिशपेपरची पिठासारखी धूळ आत जाते. घासताना एसी बंद ठेवतो, आणि 20 इंची बॉक्स फॅनला मागून फर्नेसचा, म्हणजे डक्टवाल्या हीटिंगचा, चौकोनी फिल्टर चिकटवून शेजारी चालू ठेवतो. तीस डॉलरचा जुगाड, पण महिन्यात फिल्टर बिस्किटाच्या रंगाचा होतो. उंदरांनी नळ्यांवरचा फोम एकदा कुरतडला. भिंतीतल्या भोकात स्टीलचा काथ्या कोंबून वरून बुजवलं.

कोणी आता घेणार असेल तर: माझ्या तिन्हींत आर-410ए हा गॅस आहे. 2025पासून इथे बनणाऱ्या नव्या घरगुती यंत्रांत आर-32 नाहीतर आर-454बी असतो. सुटे भाग घेताना हे बघून घ्या, जुन्या-नव्याची सरमिसळ चालत नाही.

पाचपैकी गॅरेजच्या यंत्राला साडेचार, वरच्या खोलीतल्याला चार, स्वयंपाकघरातल्याला साडेतीन, आणि बसवणाऱ्याला दीड. मे महिन्यात जमीन मऊ झाली की गॅरेजच्या कडेने दोन फूट खणून फोमचे तक्ते उभे पुरणार आहे. 811ला पुन्हा फोन करावा लागेल.