अमेरिकेतलं कार्टनमधलं ‘बटरमिल्क’: ताक समजून आणू नका

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कढी करायची म्हणून सुपरमार्केटातून बटरमिल्कचं कार्टन आणलं. ओतायला गेले तर धारच लागेना. भदकन गोळा पडला आणि काचेच्या भांड्याला पांढरा थर धरून बसला. पाणी घालून सारखं केलं, नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकलं. कढी खारट झाली. मग कार्टनवरची बारीक अक्षरं वाचली: कमी फॅटचं दूध, विरजण, मीठ, स्टार्च. लोणी काढल्याचा पत्ताच नाही!

खरं तर या नावाचा अर्थ लोणी घातलेलं दूध असा नाहीच, लोणी काढल्यावर उरलेलं ते बटरमिल्क. म्हणजे आपलं ताकच. तिकडच्या शेतघरांतही साय साठेपर्यंत आंबायची, ती घुसळून लोणी काढायचे आणि खाली उरलेलं आंबट पातळ प्यायचे. १८७८ मध्ये स्वीडिश अभियंता गुस्ताफ दे लावालचं दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र आलं. पुढे ताज्या, न आंबलेल्या सायीचंच लोणी निघू लागलं आणि उरलेल्यातला आंबटपणा गेला. आता कारखान्यात दुधालाच विरजण लावून तो आणतात. आपलं ‘ताक’ संस्कृत ‘तक्र’वरून आलेलं, आणि आयुर्वेदात तर पाण्याचंही माप आहे: चौथा हिस्सा पाणी ते तक्र, निम्मं पाणी ते उदश्वित.

पॅनकेकला मात्र हे कार्टन उत्तम. आंबटपणा खायच्या सोड्याला भेटला की छान जाळी पडते. मठ्ठ्याला अजिबात नको, आलं-कोथिंबीर घालूनही तो चिकटपणा जिभेवरून जात नाही.

पण विरजण म्हणून मी याला पूर्ण गुण देते. इथल्या योगर्टचं विरजण ऊब मागतं, थंडीत रुसतं. बटरमिल्कमधले जिवाणू साध्या खोलीच्या तापमानाला काम करतात. फुल फॅट दुधात थोडं क्रीम घालून दोन चमचे हे लावलं, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी कवडीसारखं दही! आई साताऱ्याहून येताना लाकडी रवी घेऊन आली होती. तिने थंड पाणी घालून घुसळायला घेतलं. आधी फेस आला, मग रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण चिकटले, मग लिंबाएवढा गोळा वर तरंगला. तो काढून खाली उरलेलं तिने पेल्यात ओतलं, चिमूटभर मीठ टाकून माझ्या हातात दिलं. धार सरळ पडली होती.