लोढणं, शॉक कॉलर की लांब दोरी? सशामागं पळणाऱ्या कारवानीसाठी

लातूर-उदगीरकडं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कारवानी कुत्रं ठेवतात ते राखणीला. पण जात मुळात शिकारीची, तीही नजरेनं शिकार धरणारी. हरभऱ्यात ससा हलला, बांधापलीकडं काळविटं दिसली की ते सुटलंच. काळवीट, मोर, ससा हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, आणि कुत्रं मुद्दाम त्यांच्यामागं घालणं शिकारीतच मोडतं. म्हणून त्याला आवरायला शिकवावंच लागतं.

लोढण्याला, म्हणजे गळ्यात लटकवलेल्या लाकडाला, खर्च नाही. पण कारवानीचे पुढचे पाय काठीसारखे बारीक. लाकूड गुडघ्यावर आदळत राहतं, पळताना पायांत आलं तर हाड मोडतं. आणि लोढणं काढलं की पहिले पाढे पंचावन्न. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा उपाय तर सोडूनच द्या; ती उन्हात सडते, कुत्र्याला त्या वासाचं काही वाटत नाही.

शॉक कॉलरचा, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचा, धोका वेगळा. झटका बसला तेव्हा शेजारी शेळीचं करडू किंवा घरचं पोर असेल, तर कुत्रं धसका त्याचाच घेऊ शकतं. भरधाव पळताना कित्येकदा झटका जाणवत नाही, नाहीतर वेदनेनं ते आणखी जोरात पळतं. राखणीच्या कुत्र्यावर हा प्रयोग नको.

आमचं मत लांब दोरीला. वेळ लागतो, दोन-तीन महिने धरून चला. दोरी सुती, 10 ते 15 मीटर. नायलॉननं तळहात सोलतो. ती गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला बांधा, नाहीतर शेवटाला मानेला हिसका बसतो. आधी अंगणात ‘सोड’ हा शब्द शिकवा: मुठीतल्या तुकड्यावरून तोंड काढलं की दुसऱ्या हातातून उकडलेली कलेजी, हरभऱ्याएवढी. मग दुसऱ्या दोरीला पोत्याचा तुकडा बांधून सशासारखा ओढा. मग शंभर पावलांवरून बांधलेल्या शेळ्या. शेवटी शिवार. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं.

सगळी मेख वेळेत आहे. शिकार दिसली की कान पुढं येतात, धापणं थांबून तोंड मिटतं, शेपूट ताठ होते. त्या दोन-तीन सेकंदांतच ‘सोड’ म्हणायचं. एकदा पाय उचलले की हाक पोचत नाही. वळून बघितलं की लगेच कलेजी. बघतच नसेल तर अंतर कमी पडलंय, पन्नास पावलं मागं या.

जागा मोकळी हवी, सोयाबीन काढलेलं रान उत्तम. उभ्या तुरीत दोरी गुंतते, उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगांत पाय जातो. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आधी, सकाळी नऊच्या आत उरका.

ज्यानं आधीच ससे धरून खाल्लेत, ते कुत्रं दोरीशिवाय सोडायचं नाही, कितीही शिकलं तरी. आणि सुटून गेलेलं परत आलं तर मारू नका. त्याच्या लेखी तो मार पळाल्याचा नसतो, परत आल्याचा असतो. पुढच्या वेळी ते हाकेला येणार नाही.