पहिल्यांदा नागपूर : मुक्काम गणेशपेठेत की बर्डीवर?

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या खेड्यातून एसटीने आलेला माणूस गणेशपेठ स्टँडवर उतरतो आणि जवळच्याच लॉजचा जिना चढतो. रात्री उशिरा पोचलात किंवा पहाटेची गाडी धरायची असेल, तर तेच बरं. फक्त रस्त्याकडची खोली घेऊ नका. हॉर्न झोपू देत नाहीत.

दोन दिवस राहायचं असेल तर माझं मत सीताबर्डीला. भाडं जरा जास्त, पण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच भेटतात. खापरी असो की लोकमान्यनगर, गाडी न बदलता जाता येतं. मेन रोडची खरेदी पायीच होते, ऑटोवाल्याशी घासाघीस नाही. सोबत म्हातारी माणसं असली तर लिफ्टचं आधी विचारा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं, की दोन्हीकडे खोली मिळणं कठीण.