पोलो जीटी टीएसआयला पॅडल शिफ्टर: घाट उतरणाऱ्यांनी जरूर बसवावेत

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१७ची आहे. आपल्या चाकणला बनलेली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एवढं सगळं दिलं, पण स्टिअरिंगमागे बोटाने गिअर बदलायचे पॅडल मात्र कंपनीने दिले नाहीत. ते मी पुण्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले. काम उत्तम झालंय. ज्यांना कायम घाट उतरावा लागतो त्यांनी हा खर्च जरूर करावा.

माझं सासर कराड, माहेर चिपळूण. म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच. हेळवाक सोडलं की उतार लागतो, तो थेट पोफळीपर्यंत. गाडी डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकवर ठेवली की डीएसजी पेट्रोल वाचवायला भराभर वरचे गिअर टाकतो. उतारावर वरचा गिअर म्हणजे इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. खाली पोचेपर्यंत ब्रेक तापल्याचा वास येतो. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ‘ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर,’ हे त्यांनी मला गाडी शिकवतानाच सांगितलं होतं. तसं लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत ओढून मागेपुढे करूनही गिअर बदलता येतात. पण जुलैत, धुक्यात, समोरून मालट्रक येत असताना डावा हात स्टिअरिंगवरून काढायला नको वाटतं. आता दोन्ही हात जागेवर असतात. डाव्या बोटाने पॅडल ओढलं की गिअर खाली, उजव्याने वर. वळणाआधी दोनदा डावं पॅडल ओढलं की इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग आपोआप उतरतो, ब्रेकवर पाय फक्त टेकवावा लागतो.

बसवण्याचं काम किचकट आहे, हे आधी समजून घ्या. पॅडलची वायर थेट गिअरबॉक्सला जात नाही. ती स्टिअरिंगमधल्या बटणांच्या सर्किटला जोडतात. तिथून संदेश गाडीच्या कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या वायरवरून, गिअरबॉक्सच्या संगणकाकडे जातो. त्यामुळे पॅडल चालवू शकणारं सर्किट लागतं, आणि शेवटी लॅपटॉप लावून कोडिंगही करावं लागतं. माझी मूळ एअरबॅग जशीच्या तशी बसेल असंच पॅडलवालं स्टिअरिंग त्यांनी शोधलं. अपघातग्रस्त गाडीतली एअरबॅग बसवायला त्यांनी साफ नकार दिला. मला त्यांचा विश्वास वाटला तो इथेच.

काम चालू असताना मी शेजारीच उभी होते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग बराच वेळ कशालाच हात लावला नाही. एअरबॅग काढल्यावर ती उताणी, म्हणजे कव्हर वर करून, टेबलावर ठेवली. स्टिअरिंग बसल्यावर सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली, ते किंचित डावीकडे कललेलं दिसलं. परत येऊन उघडलं, स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचांवर एक दात सरकवून पुन्हा बसवलं. मी काही बोलायच्या आधीच. हॉर्न, आवाजाची बटणं, एअरबॅगचा दिवा विझतो की नाही, सगळं माझ्यासमोर तपासलं.

स्टिअरिंग आणि मजुरी धरून ३८ हजार गेले. रक्कम मोठी आहे. स्टिअरिंग यायला कबूल केल्यापेक्षा बराच उशीर झाला आणि दर वेळी फोन मलाच करावा लागला, हे आवडलं नाही. नवं लेदर जुन्या गिअर नॉबशेजारी जरा जास्तच काळं दिसतं, पण त्याचं काही नाही.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. डी मध्ये असताना पॅडल ओढलं तर गाडी तात्पुरती मॅन्युअल होते आणि थोड्या वेळाने आपणहून डी मध्ये परत जाते. उताराच्या मध्यावर हे नको असतं. म्हणून घाट सुरू होण्याआधीच लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत घाला आणि मग पॅडल वापरा. दुसरं, पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात. कातरवळणात स्टिअरिंग अर्धं फिरलेलं असताना डावं पॅडल बोटांना सापडत नाही, तेव्हा गिअर वळणाच्या आधीच उतरवा. चुकून फारच खालचा गिअर मागितला तर गिअरबॉक्स तो घेत नाही, त्यामुळे इंजिनाची काळजी नको.

शहरात मी पॅडलला हातही लावत नाही. कराडच्या कोल्हापूर नाक्यावरच्या गर्दीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. फक्त शहरात गाडी चालवणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. बाजारात चिकटवायचे ॲल्युमिनियमचे पॅडल स्वस्तात मिळतात, ते मुळात पॅडल असलेल्या गाडीत नुसती लांबी वाढवायला असतात. ज्या गाडीत पॅडलच नाहीत तिथे ते शोभेचे. आणि तुमच्या लिव्हरला मॅन्युअलची खाच नसेल, तर पैसे देण्याआधी तुमच्याच मॉडेलची, काम केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा आणि स्वतः चालवून बघा.